झोंबणारे थेंब

धायरीत निशाकाकीचं नाव निघालं की बायका हमखास सांगत, तिनं पोरांत कधी डावं-उजवं केलं नाही. थोरली जाऊ गेली तेव्हा तिचा पियुष बालवाडीत होता. निशानं त्याला आपल्या ऋतिकाच्या बरोबरीनं वाढवलं. आंब्याची फोड असो की दिवाळीचे कपडे, दोघांना सारखं. कौतुक ऐकून ती संकोचल्यासारखं करायची आणि मनातून सुखावायची. का सुखावू नये? गावाच्या तोंडून एवढं चांगलं कुणाला ऐकायला मिळतं!

सासरे गेनबा यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यामुळे नातवंडांना त्यांच्याकडून शेती मिळाली नाही. डोळ्यांचा रोग मात्र मिळाला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात पांढुरके ठिपके धरायचे, नजर धुरकट व्हायची आणि एखाद्या सकाळी डोळ्यांत खडे भरल्यागत दुखायचं. गेनबांचा उभा जन्म त्यात गेला. म्हणून सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात या रोगावरच्या नव्या थेंबांची चाचणी सुरू झाली, तेव्हा कॉलेजात जाणारी ही दोघं भावंडं त्यात सामील झाली.

डॉक्टर दीक्षा मॅडमनी आधीच बजावलं होतं, "काहींच्या बाटलीत औषध आहे, काहींच्या बाटलीत नुसतंच पाणी. कुणाला काय मिळालंय, हे आम्हालाही माहीत नाही. बाटल्यांची अदलाबदल अजिबात करायची नाही."

थेंब घालायचं काम अर्थात निशाकडे आलं. दोघं चटईवर आडवी व्हायची. पियुषच्या डोळ्यात थेंब पडला की तो तोंड वाकडं करून पाय झाडायचा. ऋतिका मात्र ढिम्म. काही दिवस हे पाहिल्यावर निशाच्या मनात पाल चुकचुकली. झोंबतं तेच औषध असणार! म्हणजे आपल्या पोरीच्या वाट्याला पाणी आलं. उद्या तिचं लग्न व्हायचंय, असे डोळे असलेल्या पोरीला करून घेणार कोण? एका सकाळी तिनं फ्रिजमधल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या.

त्या दिवसापासून ऋतिका कळवळू लागली आणि पियुष गप्प पडून राहू लागला. निशा त्याच्या ताटात जास्तीचं तूप वाढू लागली. तुपानं डोळे बरे होत नाहीत, हे काय तिला कळत नव्हतं?

पुढच्या तपासण्यांत ऋतिकाचे ठिपके विरळ होत गेले. पियुषचे वाढले. एकदा तर त्याचा डोळा इतका ठणकला की पोलीस भरतीची परीक्षा बुडली. तरीही बहिणीला गुण आल्याचं कळताच दवाखान्यातच त्यानं तिच्या पाठीत धपका घातला. "पार्टी पाहिजे आपल्याला!"

मॅडम त्याला म्हणाल्या, "तू खचू नकोस हं. शेवटी नशिबाचा भाग असतो."

तो शब्द निशाला सोसवला नाही. कसलं नशीब? ती स्वतः उभी होती की तिथं!

"मॅडम, मीच बदलल्यात बाटल्या," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली.

मॅडमनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "कुणाच्या बाटलीत काय आहे ते आम्हाला कळत नव्हतं. तुम्हाला बरं कळलं." नंतर आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, की आता दोघांनाही चाचणीतून काढावं लागेल. थेंब बंद होतील, ऋतिकाचेही. ऋतिका आईकडे न बघता तरातरा बाहेर निघून गेली.

जिन्यापाशी निशानं पियुषला अडवलं. "मला वाटेल ते बोल रे, पण असा गप्प नको राहूस."

"मला तेव्हाच कळलं होतं, काकी. रात्रीतून झोंबायचं कसं थांबेल?"

"मग बोलला का नाहीस? भांडायचं होतंस माझ्याशी!"

पियुषच्या आवाजात राग नव्हता.

"भांडायला आई लागते, काकी," तो म्हणाला. आणि पायऱ्या नीट दिसत नव्हत्या म्हणून तिचाच हात धरून उतरू लागला.