दुसऱ्यांच्या वतीने दिलेला शब्द

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. आई लवकर गेली. मावशीने पदराखाली घेतलं खरं, पण वाढवलं ते मावसबहिणीने. ताईनेच तिच्या वेण्या घातल्या, ताईनेच कान पिळून अभ्यास करून घेतला, आणि परदेशी भाषेच्या वर्गालाही ताईनेच ढकललं. "तोंड चालवायची एवढी हौस आहे ना, मग दोन भाषांत चालव," असं म्हणाली होती.

धाकटी दुभाषी झाली. ताई तोवर सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डची मोठी सिस्टर झाली होती.

त्या सुमारास चार परदेशी सरकारांनी मिळून शहरात एक कार्यालय उघडलं. इथला भ्रष्टाचार खणून काढायचा आणि लोकशाहीला बळ द्यायचं, हे काम. जुन्या टपाल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर नवे गालिचे आले, कॉफीचं यंत्र आलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागलं, 'बोला, आम्ही ऐकतोय.' हे वाक्य धाकटीनेच भाषांतरित केलेलं. नोकरी लागल्यावर ती महिनाभर जमिनीला पाय न लावता चालत होती.

एक दिवस ताई तिच्या घरी आली आणि चप्पलही न काढता दारातच बोलायला लागली.

"पोरांचे ताप उतरत नाहीयेत. डोस वाढवला तरी नाही. काल एका बापाने तेच इंजेक्शन बाहेरच्या दुकानातून आणलं, आणि सकाळी त्याची पोरगी उठून बसली. आमच्या बाटल्यांत निम्मं पाणी आहे गं."

"कंत्राट कुणाकडे आहे?"

"आरोग्यमंत्र्यांच्या साडूकडे. वर सांगितलं तर म्हणाले, सिस्टर, आपलं काम करा." ताईने चप्पल काढली. "तुझ्या त्या परदेशी लोकांना सांगून काही होईल का?"

"होईल," धाकटी म्हणाली. विचार करायला क्षणभरही थांबली नाही.

कार्यालयाच्या प्रमुखबाई उंच, पिकल्या केसांच्या होत्या. मुलांचं ऐकताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यात नाटक नव्हतं. कंत्राटाचं सांगण्याआधी मात्र ताईने एकच विचारलं, "माझं नाव फुटलं तर?"

प्रमुखबाई बराच वेळ बोलल्या. आमच्या नियमांच्या चौकटीत, आमच्या अधिकारात जेवढं बसेल तेवढं, शक्य ते सारे प्रयत्न करण्याचा आमचा मनोदय आहे, असं काहीसं. धाकटीने ताईकडे पाहिलं. ताईने पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला होता.

"त्या म्हणतात, तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही."

ताईची मूठ सैल झाली. मग ती दुपारभर बोलत राहिली.

पहिल्यांदा सगळं खरंच झालं. बाटल्या तपासायला परदेशी गेल्या, अहवाल आला, साडूला बेड्या पडल्या. मंत्र्यांनी नात्यागोत्याचा मुलाहिजा ठेवणार नाही असं ठणकावून सांगितलं आणि प्रमुखबाईंच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. वॉर्डात चांगली औषधं आली. ताईचं नाव कुठेही आलं नाही. त्या दिवसांत दोघी बहिणी रस्त्याने चालताना उगाचच हसायच्या.

मग त्या चारांतल्या सगळ्यात मोठ्या देशात निवडणूक झाली. नवे लोक आले. दुसऱ्यांच्या घरातला केर आपण का काढायचा, असं म्हणून त्यांनी हात आखडता घेतला. बाकीच्या तिघांनीही मग घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. कार्यालय बंद करायचं ठरलं. करारात एक कलम होतं, उरलेली सगळी प्रकरणं स्थानिक भागीदाराकडे सोपवावीत. आणि स्थानिक भागीदार होतं मंत्र्यांचंच खातं.

निरोपाच्या कार्यक्रमात केक कापताना धाकटीने प्रमुखबाईंना गाठलं. "माझ्या बहिणीचं काय?"

"हे वरून ठरलंय. पण मी त्यांना लिहून जाईन, नाव गुप्त ठेवा म्हणून." त्यांनी धाकटीला मिठी मारली. डोळे पुन्हा भरले होते. त्याच आठवड्यात त्या विमानात बसल्या.

नाव गुप्त ठेवा असं सांगायचं तर आधी नाव सांगावं लागतं.

साडू जामिनावर सुटला. ताईची बदली भांडारात झाली, आणि मग एका सकाळी पोलीस आले. औषधात पाणी सिस्टरनेच घातलं, निम्मं बाहेर विकलं, असा आरोप. पेपरात फोटो छापून आला. जिचं मूल त्या वॉर्डातून परत आलं नव्हतं, अशी एक आई ताईच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या लेकराचं औषध विकलंस तू?"

ताईने तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. ती बाई पाण्याला हात न लावता निघून गेली.

धाकटीने दूतावासांचे उंबरे झिजवले. शेवटी एकाने निवेदन काढलं, खटला निःपक्षपातीपणे चालेल अशी आशा व्यक्त करणारं. त्यांच्याकडे भाषांतराला माणूस नव्हता, म्हणून तिलाच विचारलं. तिने ते करूनही दिलं. त्या वेळी मात्र एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

निवेदन छापून आलं त्या संध्याकाळी ताईने विचारलं, "खरं सांग. ती बाई त्या दिवशी नेमकं काय म्हणाली होती?"

धाकटीने सांगितलं. मनोदय, चौकट, अधिकार, सगळं.

"मग वाऱ्यावर सोडणार नाही, हे कुणाचं?"

"माझं."

"ती म्हणाली तसंच सांगितलं असतंस तर मी उठून गेले असते गं. मला वकिली भाषा कळते. इस्पितळात दुसरं काय ऐकते मी?"

"ताई, मला वाटलं—"

"तुला वाटलं."

पुरावा नाही म्हणून ताई तुरुंगात गेली नाही. नोकरी मात्र गेली, परिचारिका म्हणून काम करण्याचा परवानाही गेला. आता ती अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करते. त्या घरातली सून तिला "अहो आया" अशी हाक मारते. कंत्राट साडूच्या बायकोच्या नावावर झालंय.

टपाल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर पुन्हा कुणीतरी परदेशी आले, तेही लोकशाहीसाठीच. त्यांनी धाकटीला बोलावणं पाठवलं. तिने नकार दिला, आणि त्यांना दुसऱ्याच दिवशी दुसरं कुणी मिळालं. ती आता कपडे धुण्याच्या यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करते.

सुट्टीच्या दिवशी ती ताईकडे जाते. भावजी तिला पाहिलं की पायात चपला सरकवून बाहेर पडतात. ताई चहा टाकते, म्हाताऱ्याच्या खोकल्याबद्दल बोलते, नळाला पाणी कमी येतं त्याबद्दल बोलते. पूर्वी ती धाकटीजवळ मनातलं बोलायची. आता शेजारीण येऊन बसली तरी विषय बदलावा लागत नाही.