वहाबभाईंचा चुकलेला निकाल

श्रीवर्धनकडचे वहाबभाई जेद्दाला आले ते टायपिस्ट म्हणून, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. लॉ कॉलेजची पायरीसुद्धा चढले नाहीत, पण जेद्दाच्या शराफिया मोहल्ल्यात त्यांना वकीलसाहेब म्हणतात आणि उगाच नाही म्हणत. कोणाचा पासपोर्ट कफीलाने, म्हणजे तिथल्या मालकाने, दाबला, कोणाला तीन तीन वर्षं रजा नाही, की तो माणूस वहाबभाईंच्या दारात. अरबीत असा अर्ज लिहायचे की लेबर ऑफिसातला साहेब चष्मा पुसून पुन्हा वाचायचा. त्या रांगांत उभं राहून गुडघे गेले त्यांचे, पण गावच्या एकालाही त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही.

वय झालं तसं जमातीने त्यांना पंच केलं. शुक्रवारी जुम्यानंतर गावकऱ्यांची भांडणं त्यांच्यापुढे यायची आणि त्यांचा शब्द म्हणजे खलास. वहाबभाईंना ते मानवलं. जरा जास्तच मानवलं म्हणा ना! त्यांची बायको सकिना म्हणायची, "भात करपला तरी साक्षीदार बोलावता तुम्ही."

रमजान सरला आणि बदरुद्दीन ड्रायव्हर आला, रागाने थरथरत. कंपनी म्हणत होती, फोनवर आलेला कोड देऊन सरकारी ॲपवर तूच नोकरी सोडायला मान्यता दिलीस, आता देश सोड. त्याला तर फोनमधलं ओ की ठो कळत नाही. त्याचा फोन बघायचा खोलीतला फकरुद्दीन. दोघं एका गावचे, एका ताटात जेवणारे. त्यात फकरुद्दीनचा मेव्हणा ड्रायव्हरचीच नोकरी शोधत होता. झालं! अर्ध्या तासात निकाल. फकरुद्दीनने खोली सोडायची, आणि गावकऱ्यांनी त्याच्याशी बोलायचं नाही. तो बिचारा कुराणावर हात ठेवायला तयार होता. "नाटकं पुरे," वहाबभाई म्हणाले. बदरुद्दीन त्याच्या तोंडावर थुंकला आणि कोणी अडवलं नाही.

आठवड्याने वहाबभाई फोनमधले जुने मेसेज पुसत बसले होते. एका मेसेजवर बोट थांबलं. बदरुद्दीनच्या नावाचा, नोकरी सोडण्याच्या मान्यतेचा कोड त्यांच्याच फोनवर आलेला होता.

अरबी न येणाऱ्या तीसेक जणांची त्या ॲपवरची खाती त्यांनी मागे कधीतरी स्वतःच्या नंबरवर उघडून दिली होती, सोय म्हणून. लोक विसरले, तेही विसरले. रमजानात कंपनीचा कारकून फोनवर म्हणाला होता, "बदरुद्दीनचा इकामा, राहण्याचा परवाना, रिन्यू करतोय, कोड सांगा, यल्ला, लवकर." आणि जन्मभर दुसऱ्यांचे कागद वाचणाऱ्या या माणसाने तो मेसेज न वाचता नुसता आकडा सांगितला होता.

"गप्प बसा," सकिना म्हणाली. "दुसऱ्याचं खातं आपल्या नंबरवर ठेवणं गुन्हा आहे. या वयात आपल्याला हाकलतील, मग जायचं कुठं?"

खोटं नव्हतं ते. दोन दिवस वहाबभाईंनी कागदाला हात लावला नाही. पण लेबर ऑफिसात हरकत घ्यायला बदरुद्दीनकडे चारच दिवस उरले होते, आणि कोड त्याने दिलाच नाही हे सांगणारा जगात एकच माणूस होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला, कोड कोणी दिला ते नावानिशी घातलं आणि बदरुद्दीनला बोलावलं.

त्याने आल्या आल्या पेन उचललं. "कुठं सही करू?"

"अरे, आधी ऐक तरी."

"तुम्ही लिवलंत ना? मग बास."

वहाबभाईंना ते असं झोंबलं की त्यांनी त्याच्या हातातलं पेन हिसकावलं आणि अर्ज मराठीत वाचून दाखवला, ओळीओळीने. स्वतःचं नावही गाळलं नाही.

बदरुद्दीनने अर्ज बाजूला सारला.

"शिवी दे," वहाबभाई म्हणाले. "मार मला. काहीतरी बोल रे!"

"सही मागनं करतो," बदरुद्दीन म्हणाला. "आधी फकऱ्याला फोन लावा."

त्यांनी लावला. पलीकडे कोणी उचलला नाही.

"परत लावा."