वारा गोळीला उचलत नाही

रायफल क्लबात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांचे ते सुईकाका. तरुणपणी म्हणे तीनशे मीटरवरून सुईच्या नेढ्यातून गोळी काढायचे. नेढ्याची गोष्ट अर्थात थाप. पण चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या वर्तुळात दहाच्या दहा गोळ्या, आणि त्या एकदाच नव्हे, आज, उद्या, पुढच्या महिन्यातसुद्धा, हे मात्र शंभर टक्के खरं. एखादी गोळी काय, कोणाचीही लागते, असं ते म्हणायचे. दहावी जाऊन पहिलीच्या शेजारी बसली पाहिजे.

पुढे खांदा धरला, चष्म्याचा नंबर वाढला आणि क्लबाने त्यांना रायफलींच्या खोलीची किल्ली दिली. त्याला आता एकतीस वर्षं झाली. किल्ली कमरेला, झोपतानाच तेवढी उशाला. बायको म्हणायची, "यांचा संसार त्या किल्लीशी. मी आपली स्वयंपाकापुरती."

नेम चुकलेला माणूस त्यांच्या खोलीत यायचा आणि ठरलेलं वाक्य बोलायचा, "काका, वारा होता." काका हात पुढे करायचे. "कागद आण." निशाणाच्या कागदावरची भोकं चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि पोटातलं ओठावर आणायचे, तेही दुसऱ्याच्या पोटातलं. "चाप दाबला नाहीस, ओढलास. सहाव्या गोळीला मागे कोणी हसलं, आणि तू घाई केलीस. वारा गोळीला बाजूला ढकलतो रे, उचलत नाही. तुझ्या तर वर गेल्यात. उगाच वाऱ्याच्या डोक्यावर खापर फोडू नकोस." अर्धा क्लब त्यांच्यावर खार खाऊन होता, आणि तोच अर्धा दर रविवारी कागद घेऊन दारात उभा.

त्यांची लेक बाराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली शिकली. आता ती दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असायची आणि सुटली की थेट रेंजवर. निवड चाचणी वर्षातून एकदा. दोनदा थोडक्यात हुकली होती. यंदा शेवटची, पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार. निवड झाली की संघात जागा आणि पक्की नोकरी, नाहीतर जन्मभर खोकल्याची बाटली आणि चिल्लर. चाचणीचा नियम कडक होता: दहा गोळ्या, आणि निशाणावर सरावाची एकही नाही. पहिलीपासून मोजणी.

आता इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं, रायफल जितकी लख्ख तितकी चांगली. छे, उलटं आहे. तेल घालून पुसलेल्या नळीतून पहिल्या तीन-चार गोळ्या भलतीकडे जातात. आत दारूची काजळी बसली की मग नळी ताळ्यावर येते. म्हणून चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सुईकाका सहा गोळ्या झाडून घेत आणि बोल्टच्या दांडीला लाल रबरबँड लावत. रबरबँड लागला की त्या नळीला कोणी हात लावायचा नाही, खुद्द त्यांनीसुद्धा.

गेलं वर्षभर मात्र घरात काहीतरी बिनसलं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा यायचा. आई आधी हसण्यावारी नेत होती. "मला नका विसरू म्हणजे मिळवली," म्हणायची. मग एक दिवस ते आपल्याच जिन्याखाली उभे राहून शेजाऱ्याला विचारत होते, आपलं घर कितव्या मजल्यावर. त्यानंतर तिने थट्टा बंद केली. लेकीच्या सगळं लक्षात येत होतं, पण क्लबात तिने अवाक्षर काढलं नाही. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाकडे तीस रायफलींची किल्ली कोण ठेवेल? कोणी ठेवूही नये. पण किल्ली गेली तर बाबा सकाळी उठून जाणार कुठे? म्हणून ती तोंड दाबून बसली.

आदल्या संध्याकाळी त्यांनी तिच्या रायफलीतून सहा गोळ्या झाडल्या, रबरबँड लावला. तिने डोळ्यांनी बघितलं.

सकाळी साडेसातला त्यांनी खोलीतून रायफल आणून तिच्या हातात दिली. चेहरा खुशीत होता. दांडीवर रबरबँड नव्हता. तिने नळी नाकाशी नेली तर ताज्या तेलाचा वास.

वेळ होता, हे ध्यानात घ्या. आठच्या आत मातीच्या ढिगाऱ्यात चार गोळ्या झाडायची मुभा होती. फक्त टेबलापाशी जाऊन क्लबाच्या सेक्रेटरींकडे मागायची, आणि कारण वहीत लिहून द्यायचं. टेबलाभोवती दहा-बारा माणसं उभी होती. काय लिहिणार? नळी पुसली गेली. कोणी पुसली? किल्ली एकाच माणसाकडे.

"काय गं, काही हवंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही, काही नाही," ती म्हणाली आणि जाऊन जागेवर आडवी झाली.

पहिली गोळी वर गेली. दुसरी तिच्या थोडी खाली, तरी वरच. तिसरी काळ्या वर्तुळाच्या कडेला. तिने रायफलीवरचा नेमाचा काटा हलवला नाही. नळी येईल ताळ्यावर, तिला ठाऊक होतं. पुढच्या सात एकमेकींना चिकटून कपाच्या तोंडात बसल्या. ती दोन गुणांनी हुकली. खरं सांगायचं तर तिला आधी राग आला, बापाचा, अगदी तळपायाची आग मस्तकात जाईल असा.

टेबलावर सेक्रेटरी हळहळले. "सात गोळ्या अशा, आणि पहिल्या तीन? झालं काय?"

"वारा होता," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

मागून हात पुढे आला. "कागद आण."

"बाबा, राहू दे ना. घरी बघू."

पण त्यांनी कागद घेतलाही होता. चष्मा कपाळावर गेला. "वारा कसला? तीनही वर आहेत, एकाखाली एक. पोरीचा काही दोष नाही यात. नळी पुसलेली होती. ताजं तेल." त्यांचा आवाज चढला. "काल मी स्वतः तयार केलेली नळी. कोणी पुसली? अरे, बोला ना. कोणाचा गाढवपणा आहे हा?"

सेक्रेटरी वहीकडे बघत राहिले. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, शेवटी लेकीच्या. तिने मान खाली घातली, आणि तिची नजर गेली तिथे त्यांचीही गेली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं काजळीने काळी होती, नखांपर्यंत. सदऱ्याच्या खिशातून चिंधीचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी चिंधी ओढली, तशी तिच्याबरोबर लाल रबरबँड खाली पडला.

मग ते कमरेची किल्ली सोडवू लागले. एकतीस वर्षांची गाठ, ती सुटेना. लेकीने पुढे होऊन सोडवली. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि कोणाशी काही न बोलता फाटकाकडे चालू लागले. तिचा राग कुठल्या कुठे गेला. रायफल तशीच टाकून ती त्यांच्या मागे धावली, कारण ते डावीकडे वळले होते आणि घर उजवीकडे होतं.

याला दीड महिना झाला. आता सकाळी ते खिडकीशी बसतात. कमरेशी हात नेतात, चाचपतात, परत मांडीवर ठेवतात. परवा रविवारी लेक चहा घेऊन आली तर त्यांनी विचारलं, "तुझी चाचणी कधी गं?"

"झाली, बाबा."

"मग?"

"हुकले थोडक्यात. वारा होता."

त्यांनी कप खाली ठेवला. कितीतरी दिवसांनी डोळ्यांत ती जुनी धार आली. "वारा म्हणे. कागद आण बघू."

कागद तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली घडी करून ठेवला होता. "तिथेच राहिला," ती म्हणाली.

"राहतोच तो. लपवायचं असलं की राहतो." ते पुढे झुकून तिला झापू लागले. वारा गोळीला उचलत नाही, ढकलतो. चूक आपली असते, ती कबूल करायला शिक. सुईकाकाची लेक असून वाऱ्याला नावं ठेवतेस, लाज नाही वाटत?

स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला होता. लेक त्यांच्यासमोर मान खाली घालून बसली आणि तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "चुकलं, बाबा," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी लक्ष दे," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.