नमुना, विक्रीसाठी नाही

माझ्या सख्ख्या मेहुण्याला मी लेखी स्वरूपात 'नमुना – विक्रीसाठी नाही' असं जाहीर केलेलं आहे.

मेहुणा म्हणजे गजू. कुंभार पिंपळगावला मोसंबीची बाग, अंगाने धट्टाकट्टा, सुपारीचंही व्यसन नाही. फक्त शेती करतो, एवढ्या एका गुन्ह्यासाठी स्थळं परत जात होती. (मुलींना मोसंबी चालते, मोसंबीवाला चालत नाही!) अशात अंबडहून एका काकांचा फोन आला, मुलाचा बायोडाटा पाठवा. बायको मला म्हणाली, "तुमच्या हापिसातून चांगला पीडीएफ करून पाठवा. अन् जल्दी करा, ते लोक वाट बघून राह्यले."

मी जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे. ढीगभर माहितीपत्रकांचे एका झटक्यात पीडीएफ करणारा एक प्रोग्राम आमच्याकडे आहे. त्यात सगळ्या फायलींसाठी एक कायमचा नियम भरून ठेवलेला: पानावर तिरप्या, फिकट अक्षरांत 'नमुना – विक्रीसाठी नाही' आणि तळाला बियाण्याच्या सूचना. एखाद्या फाइलला वेगळं हवं असेल तर तिच्यापुरता वेगळा नियम देता येतो. मी गजूच्या फाइलला दिला: पानावर तिरपं काही नको, तळाला 'मुलगा निर्व्यसनी व मनमिळाऊ आहे'.

प्रोग्रामने विचारलं, दोन नियम जुळत नाहीत. सगळ्यांचा लावू, या फाइलचा लावू, की दोन्ही?

आता माझा स्वभाव सांगायला हवा. आमच्या आईला पंखा बंद लागतो, बायकोला पाचवर. मी तो दोनवर ठेवतो आणि दोघींची बोलणी खातो. भांडण दिसलं की 'दोघांचंही बरोबर आहे' हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. मी 'दोन्ही' दाबलं आणि न बघता फाइल अंबडला आणि गजूलाही पाठवून दिली. ('काही नको' आणि 'नमुना' एकत्र केले की 'नमुना'च उरतो, हे मला नंतर कळलं.)

तासाभरात गजूचा फोन. "दाजी, हे काय करून ठेवलं? माझ्या फोटोवरून तिरपं लिव्हलंय, नमुना, विक्रीसाठी नाही."

"आणि खाली?"

"खाली हाय, मुलगा निर्व्यसनी व मनमिळाऊ आहे. कोरड्या, थंड जागी ठेवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे. मुदत संपल्यावर वापरू नये." मग म्हणाला, "दाजी, मला बत्तिसावं चालू हाय."

पोराच्या हातात एवढं एकच स्थळ उरलं होतं आणि ते मी घालवलं होतं. मग घाईघाईत मी भांडणाचं मूळच उपटलं. सगळ्यांच्या नियमातून बियाण्याचा मजकूर काढला आणि तिथेही गजूचाच भरला. दोन्ही नियम एकच, आता भांडतील कशाला? बायोडाटा स्वच्छ निघाला. 'आधीचा चुकून गेला' असं लिहून तो अंबडला पाठवला आणि मी समाधानाने चहाला गेलो. नियम पूर्ववत करायचा तेवढा राहिला.

संध्याकाळी बदनापूरच्या एका दुकानदाराचा फोन आला. "साहेब, कपाशीचं पत्रक भेटलं. बियाणं निर्व्यसनी अन् मनमिळाऊ हाय, चांगलंच हाय. पण उगवण किती?"

त्यानंतर आमच्या साहेबांनी मला आत बोलावलं. तिथे काय झालं ते मी सांगणार नाही.

घरी आलो तर गजूने बायकोला सगळं सांगून टाकलेलं होतं. तेवढ्यात अंबडच्या काकांचा फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला, म्हणजे शिव्या सगळ्यांत वाटल्या जातील.

"पाव्हणं, नमुना पाह्यला," काका म्हणाले. "आता माल कधी दाखवता?"

काका पुढे म्हणाले, "आमची पोरगी हसून हसून बेजार झाली. म्हनली, आजवर सगळ्यांनी गुणच लिव्हले, वापरायच्या सूचना देणारं हेच पह्यलं घर. रविवारी या."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटलो. पण तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"आता खरं सांगा, चूक कुणाची? त्या प्रोग्रामची का तुमची?"

"तसं बघितलं तर दोघांचीही..."

"तुमचीच," बायको म्हणाली.

"तुझीच," आई आतून म्हणाली.

इतक्या वर्षांत आमच्या घरातले दोन नियम पहिल्यांदाच जुळले.