कंसांच्या भाषेतलं ॲप

ॲप फुकट वाटलं की युजर वाढतात म्हणे. आमचे नुसते किस्सेच वाढले!

आमचे म्हणजे माझे आणि विनायकचे. सोलापुरात दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे आमचं. विनायक सगळी ॲप्स लिस्प नावाच्या भाषेत लिहितो. तीत कंसच कंस. मधेमधे थोडा प्रोग्राम सापडतो. आमच्या माहितीत जिल्ह्यात ती दोघांनाच येते. त्याला पूर्ण, मला अर्धी.

गेल्या वर्षी त्याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. विनायकसाहेब म्हणाले, "एका तरी माणसानं महिनाभर मला फोन न करता ॲप चालवून दाखवावं. नाहीतर मी चाललो." खरं सांगतो, तो जायला नको होता मला. अर्धी भाषा घेऊन मी एकटा काय करणार होतो?

*

वैरागच्या एका आडत दुकानदाराला ॲप पाठवलं. तासाभरात फोन.

"सर, ॲप आलं व्हतं. पण अँटीव्हायरसनं खाल्लं."

"मग आता?"

"अजून एक पाठवा की. त्याला आवडलंय!"

*

अकलूजच्या शाळेतल्या क्लार्क मॅडमना हजेरीची यादी छापायची होती, बस्स. डाउनलोड अर्धा दिवस चाललं. विनायकनं उत्साहानं समजावलं, की ॲपसोबत अख्खी भाषा, तिची सगळी यंत्रणा, सगळं आत येतं!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "यादी मागितली सर, तर तुमी शाळाच पाठवली की."

*

लिस्पचा एक थोर गुण आहे. काही बिघडलं तर ती गप्प बंद पडत नाही. काळी विंडो उघडते आणि पुढं काय करायचं त्याचे पर्याय युजरलाच विचारते. केवढी ही लोकशाही!

एका सोसायटीच्या ऑफिसात ही विंडो सोमवारी उघडली. गुरुवारी मी सहज डोकावलो, तर तशीच उघडी. म्हटलं, "अहो, काहीतरी दाबा की!"

क्लार्क म्हणाले, "सात पर्याय हायेत सर. सायेब रजेवर हायेत. ते आल्याबिगर आमी कसं ठरवणार?"

*

शेवटची आशा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. तिथले डिझाइन मास्तर चाळीस वर्षं यंत्रमागासाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतायत. कार्डात जशी भोकं, तशी टॉवेलवर नक्षी. भोकं कुठं पाडायची त्याचा तक्ता आमचं ॲप काढून देणार होतं.

एक आठवडा झाला, फोन नाही. दोन झाले, नाही. विनायक दिवसातून दहा वेळा मोबाइलची रेंज बघायचा. महिना भरला त्या सकाळी मला मागं बसवून त्यानं गाडी थेट एमआयडीसीत घातली.

मास्तर ॲपच चालवत होते! शेजारी टॉवेलांची थप्पी, दोन्ही किनारी अगदी बरोबर. विनायकची छाती फुगली. माझीही, अर्धी.

"मास्तर, काहीच अडचण आली नाही ना?"

"आली की. पयल्याच दिवशी. डावी किनार उजवीकडं येत व्हती."

"मग?"

"तुमच्या फोल्डरमधी ती कंसांची फाईल हाय न्हवं, ती उघडली. इंग्रजी काय आपल्याला कळत न्हाय. पण हितं एक उघडला की तितं एक मिटलाच पायजे, एवढं दिसतंय की. दोन दिवस बघत बसलो. एक कंस भलत्याच जागी मिटला व्हता. उचलून जागेवर ठेवला."

विनायक म्हणाला, "अहो, मग मला फोन तरी करायचा!"

मास्तरांनी नवं कार्ड पुढं ओढलं.

"राहू दे म्हटलं. नवीन हाय पोरगं, शिकंल हळूहळू."