तीट लावलेले वाडगे

“सोडा ती हातोडी, नाहीतर हात मोडीन!” मी शुद्ध मराठीत बोंबलत होते. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीबाहेरच्या त्या छोट्या पॉटरीची, म्हणजे मातीच्या भांड्यांच्या कारखान्याची, सत्तरीची मालकीण इंग्रजीत माझ्या वरताण ओरडत होती आणि एकेक वाडगा फोडत होती. ठिकऱ्या अशा उडत होत्या की एखादी ग्लासगोत जाऊन पडली असेल. एक माझ्या कपाळात घुसली, हे मात्र खरं. खूण अजून आहे.

वाडगे माझे होते. म्हणजे चाकावर घडवले तिने, वर कोयऱ्या रंगवल्या मी. यंत्रातून निघालं ते भांडंच नव्हे, हा तिचा, शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांकडून उचललेला धर्म. रंगवायला मात्र सगळ्या आमच्यासारख्या पोरी, नवऱ्यामागून नाहीतर पोटामागून आलेल्या. भट्टीतून डाग घेऊन आलेलं भांडं ती स्वस्तात विकत नसे, सगळ्यांसमोर फोडायची. आणि पहिले बारा वाडगे पास झाल्याशिवाय तळाला आपली सही करायची नाही, नोकरीही पक्की नाही. हे माझे ते बारा.

सातवा फुटला तेव्हा मी तिच्या मनगटाला चावले. खोटं कशाला सांगू, कडकडून चावले. तिने दुसऱ्या हाताने माझी वेणी धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. शेजारी रंगवणारी, पोलंड युरोपीय संघात सामील झाल्यावर पहिल्याच बसने आलेली पोरगी सोडवायला धावली, तर माझंच कोपर लागून तिचं नाक फुटलं. भांड्यांना चकाकी आणणाऱ्या ग्लेझची बादली लवंडली आणि आम्ही तिघी पांढऱ्याफटक होऊन त्यात आडव्या झालो.

“प्रत्येकावर काळा डाग!” म्हातारी धापा टाकत म्हणाली. “एकाच जागी!”

“डाग नाहीये! मीच लावलाय!”

“का?”

आता हिला काय सांगू? वाडगे रंगवून झाले तेव्हा ती पोलिश पोरगी म्हणाली होती, “अगं, किती सुंदर!” झालं! दृष्ट लागायला नको म्हणून, बाळाच्या गालाला लावतात तशी, प्रत्येक वाडग्याला काळ्या रंगाची तीट लावली. कपाळावरचं रक्त पुसत मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं.

म्हातारीने उरलेले पाच वाडगे एकेक करून उजेडात धरले. मनगटावरचे माझे दात निरखले. हातोडी खिळ्याला अडकवली.

“यापुढे तळाला लाव,” ती म्हणाली. “सहीशेजारी.”