एका साच्यातले पाच जबाब

लेखीबाईंनी एकतीस वर्षं न्यायालयात टंकलेखनाचं काम केलं, आणि त्या काळात एक सवय अंगात मुरली ती मुरलीच. कुणी काही सांगायला लागलं की त्या म्हणायच्या, "लेखी द्या." घरीसुद्धा. यजमानांनी एकदा भाजी खारट झाल्याची तक्रार केली तेव्हा त्यांनाही हेच उत्तर मिळालं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन ओळी लिहून दिल्या. बाईंनी खाली शेरा मारला : 'नोंद घेतली. कारवाईची आवश्यकता नाही.' तेव्हापासून नात्यागोत्यात त्या लेखीबाई झाल्या, आणि पुढे केंद्रातही.

केंद्र म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या मागची खोली. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे मोफत कायदा मदत मिळायची. दोन टेबलं, सात खुर्च्या, त्यातली एक भिंतीला टेकवूनच ठेवावी लागे. छपाईयंत्र एका वेळी दोन कागद ओढायचं. भिंतीवर बाईंच्या हातची एक यादी होती : पाणी गळत असेल तर कुठे जायचं, जन्मदाखल्यात चूक असेल तर कुठे, निवृत्तिवेतन अडलं तर कुठे. कोणत्या खिडकीवरचा माणूस किती वाजता जेवायला उठतो, हेही त्यात होतं. ही यादी उतरवून घ्यायला लोक वहीपेन्सिल घेऊन यायचे.

नणंद म्हणायची, "निवृत्त झालीस तर घरात बस की. कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?" बाई चप्पल घालत.

त्यांचा एक अभिमान होता, भाषेचा. लोक रडगाणं आणतात, त्याचा अर्ज करायचा असतो, असं त्या केंद्रातल्या वकीलबाईंना शिकवत. वकीलबाई त्यांच्या मुलीपेक्षा लहान होत्या, तरी वकील म्हटल्यावर बाई त्यांना तुम्हीच म्हणत. वकीलबाई लेखीबाईंना काकू म्हणत. माणूस तासभर बोले. बाई त्यातून भांडणं, शिव्या, सासरमाहेर, मधेच आठवलेलं दुखणं सगळं निवडून बाजूला काढत, तांदळातले खडे काढावेत तसे. उरेल ते दहा ओळींत टंकून देत. सही करणाऱ्याला आपणच इतकं छान बोललो असं वाटे.

शिवणकाम करणारी बाई त्यांच्याकडे आली ती एका शुक्रवारी, घरमालकाची नोटीस हातात धरून. जुने कपडे उसवून बेतात बसवून देणं, चेन बदलणं, पडद्यांना कड घालणं हा तिचा धंदा. तेवीस वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होती. तिथेच यंत्र, तिथेच चूल, तिथेच पलंग. मालकाचं म्हणणं, ही बाई मुलीकडे राहायला गेली आणि खोली ऑगस्टपासून मार्चपर्यंत बंद होती. खोली सहा महिने विनाकारण बंद ठेवली तर मालकाला ती परत मागता येत होती. प्रत्यक्षात ती मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, सात आठवडे. पण वीज सगळ्या इमारतीची एकाच मीटरवर, तिच्या नावाचं बिल कुठेच नाही. साक्ष द्यायची ती शेजाऱ्यांनीच.

"ताई, खोली गेली तर यंत्र कुठे मांडू?" तिने विचारलं. "गिऱ्हाईक जिना ओळखतं. मला कुठे ओळखतं?"

बाई स्वतः इमारतीत गेल्या. पाच जणांचे जबाब घेतले. सहावा माणूस दुसऱ्या मजल्यावरचा, बरोबर शिवणवालीच्या खालचा, निवृत्त बसचालक. त्याने दार उघडलं आणि तोंडही. ती बाई दुपारी दोनला यंत्र लावते, चारपर्यंत माझं छत थरथरतं, जन्मभर पहाटे उठून गाडी हाकली, आता तरी दुपारी डोळा लागू दे म्हटलं तर हिची घरघर. झाडूच्या दांड्याने छत ठोकून ठोकून तिथला चुना पडलाय, बघा. बाईंनी पेनाला टोपण लावलं. असला जबाब जोडला तर आपल्याच पायावर धोंडा. शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांभाळून घ्यावं, असं काहीतरी सांगून त्या जिना उतरल्या.

सुनावणीच्या दिवशी भाडेतंट्याच्या कार्यालयात पंखा होता पण तो अधिकाऱ्यांवरच फिरत होता. मालकाच्या वतीने त्याचा भाचा आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. अधिकारी शांतपणे पाचही जबाब वाचत गेले. मग त्यांनी ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि एक ओळ मोठ्याने वाचली : 'सदर अर्जदार उक्त खोलीत अखंड व सातत्याने वास्तव्यास असल्याचे मी जातीने पाहिले आहे.' दुसऱ्या कागदावरही तीच ओळ. तिसऱ्यावरही. पाचही कागदांवर, स्वल्पविरामासकट.

समोर पहिल्या मजल्यावरचे चप्पल शिवणारे आजोबा उभे होते. अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, अखंड वास्तव्य म्हणजे काय हो? आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खरं काय ते सांगितलं, की मी सांगितलं भलतंच, ते बाईंनी चांगलं करून लिहिलं, मी सही केली.

भाचा हसला. अधिकारी हसले नाहीत. एका साच्यातून काढलेल्या विटांची भिंत होते, पुरावा होत नाही, असं ते म्हणाले. शिवाय अखंड म्हणता आणि अर्जदार स्वतः सात आठवडे नव्हते म्हणते, मग यातलं खोटं कोणतं? त्यांनी पंधरा दिवस दिले. पुन्हा असंच आलं तर निकाल मालकाच्या बाजूने, हेही सांगितलं.

बाहेर बाकावर शिवणवाली बसली होती, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. तिने कुणाला दोष दिला नाही. त्याचंच बाईंना जास्त लागलं. वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही जरा विश्रांती घ्या, जबाब या खेपेला मी घेते.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "निस्तरायची पण मीच. तुम्ही फक्त वाचा, आणि कुठे माझा शब्द दिसला तर सांगा."

त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच इमारतीत गेल्या. या वेळी टंकलेखन नाही, वही आणि पेन्सिल. माणूस जे बोलेल ते तसंच उतरवायचं, हे त्यांनी ठरवलं होतं, आणि ते त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच जड गेलं. आजोबा म्हणाले, ती पोरगी गुरुवारी माझ्याकडे यंत्राला तेल मागायला येते, आणि माझी सून तिच्याशी बोलत नाही कारण तिने सुनेचा झगा तोकडा केला. बाईंचा हात आपोआप 'झगा' गाळायला गेला. त्यांनी तो परत आणला आणि लिहिलं. झगा कधीचा, तेही विचारलं. जानेवारीतला निघाला, लग्नाला घालायचा होता म्हणून सुनेला तारीख पाठ होती. शिवणवालीच्या समोर राहणाऱ्या परिचारिकेने सांगितलं की रात्रपाळीला जाताना ती किल्ली शिवणवालीकडे ठेवते, फक्त नोव्हेंबर-डिसेंबरात आजोबांकडे ठेवावी लागली आणि ते दोनदा किल्लीसकट फिरायला निघून गेले. यातलं एकही वाक्य बाईंनी पूर्वी कागदावर येऊ दिलं नसतं.

चार दिवसांत चार जबाब झाले. पाचवी बाई आता घाबरली होती आणि नको म्हणाली. बाईंनी तिला आग्रह केला नाही. त्या एक जिना चढल्या आणि चालकाचं दार वाजवलं.

तो दारातच उभा राहिला. "आता काय? शेजारधर्म शिकवायला आलात?"

"तुमची तक्रार लिहून घ्यायला आले. पहिल्यापासून सांगा."

तो दारातून बाजूला झाला. खोली एखाद्या गाडीसारखी आवरलेली होती. त्याने बोलायला सुरुवात केली आणि बाई लिहीत गेल्या, शिव्या वगळता सगळं. शिव्यांच्या जागी त्याच्याच परवानगीने टिंबं दिली. अर्ध्या तासाने तो म्हणाला, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहेच. बाईंची पेन्सिल थांबली.

त्याने कपाटातून वही आणली. बत्तीस वर्षं गाडी सुटल्याची आणि पोहोचल्याची वेळ लिहिणारा माणूस, निवृत्त झाल्यावर त्याने छताची वेळ लिहिली होती. 'दोन वाजून पाच. यंत्र सुरू. चारला दहा कमी. बंद.' रोज. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. नोव्हेंबरात एके ठिकाणी होतं, 'आज आवाज नाही,' आणि पुढे सात आठवडे रोज एकच शब्द : 'झोपलो.' मग जानेवारीत पुन्हा दोन वाजून पाच. फेब्रुवारीच्या पानाला टाचणीने एक पत्र लावलेलं होतं. मालकाच्या कार्यालयाकडे त्याने आवाजाची तक्रार केली होती, त्याचं उत्तर. शिक्क्यासकट : 'वरील भाडेकरूस तोंडी समज देण्यात आली आहे.'

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं.

"हे तुम्ही मला मागेच का नाही दाखवलंत?"

"तुम्ही टोपण लावलंत," तो म्हणाला. "सगळ्या गावाला लेखी द्या म्हणता. मला कुठे म्हणालात?"

बाईंनी तेही लिहून घेतलं. त्याला सुनावणीला यायला तयार करणं हे मात्र वेगळंच काम होतं. त्या बाईच्या भल्यासाठी मी दुपारची झोप मोडू का, असा त्याचा सवाल. बाई तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या की तुम्हाला तिचं भलं करायचं नाही, ठीक आहे. तुम्ही फक्त तिच्याविरुद्धची तक्रार अधिकाऱ्यांसमोर मांडा, शब्दन् शब्द. हे त्याला पटलं.

दुसऱ्या सुनावणीला चालक सर्वांत आधी येऊन बसला होता, वही काखेत. अधिकाऱ्यांनी जबाब वाचले. झग्यापाशी ते थांबले आणि पुन्हा वाचलं. चालकाला विचारलं तेव्हा तो पाच मिनिटं न थांबता शिवणवालीविरुद्ध बोलला. शिवणवालीची मान खाली गेली होती. वकीलबाईंनी हळूच वही पुढे सरकवली, मग पत्र.

भाचा म्हणाला की असली उत्तरं कारकून देतात, ठरलेला मजकूर असतो, त्याला काही अर्थ नाही.

"फेब्रुवारीत तुमच्या कार्यालयाने समज दिली," अधिकारी म्हणाले. "खोली बंद होती म्हणता. मग समज कुणाला दिली? कुलपाला?"

आदेश त्याच दुपारी मिळाला. खोली बंद नव्हती, सात आठवड्यांची गैरहजेरी सकारण होती, नोटीस रद्द. वकीलबाईंनी तो सावकाश वाचून दाखवला आणि शिवणवालीने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. एवढंच केलं तिने. मग उठून चालकासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमच्यामुळे खोली राहिली."

"माझ्यामुळे नाही. मी तुझ्याविरुद्ध बोललो," तो म्हणाला. "आणि माझं काय? दोन ते चारचं?"

तिने विचार केला. गिऱ्हाईक संध्याकाळी कपडे न्यायला येतं, दुपारचं काम तिला सोडता येत नव्हतं. "तीनपर्यंत झोपा," ती म्हणाली. "यंत्राखाली जाड गादी घालते. तीनला लावीन."

"साडेतीन."

"सव्वातीन, भाऊ. त्याच्यापुढे नाही."

चालकाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि दोघांनाही सांगितलं, एकेकाने बोला, मी लिहिते आहे.